एका साटा पोर्टवर पाच हार्डडिस्क: पोर्ट मल्टिप्लायर पहिल्यांदाच लावताय तर आधी हे वाचा

माझे मामा सदाशिव पेठेतून लग्नामुंजीची शूटिंग करायचे, त्यांच्या कपाटात मिनी डीव्ही कॅसेटचे नुसते ढीग होते. त्या खराब व्हायच्या आत मी आणि मामेभावाने कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या, तर एक तासाची कॅसेट साधारण १३ जीबी खाते, आणि बघता बघता ४ टीबीच्या पाच हार्डडिस्क झाल्या. डिस्क पाच, मदरबोर्डवर साटा पोर्ट (हार्डडिस्कची वायर लावायच्या जागा) चार, त्यातले दोन आधीच भरलेले. मग शोधताना एक तळहाताएवढा बोर्ड सापडला, एका बाजूला एक साटा पोर्ट, दुसऱ्या बाजूला पाच. तोच पोर्ट मल्टिप्लायर. मागवला, लावला, कॉम्प्युटर चालू केला आणि पाचातली एकच डिस्क दिसली. दोन दिवस वायरी बदलण्यात गेले. बोर्ड चांगला होता, वायरी चांगल्या होत्या, अडचण दुसऱ्या टोकाला होती, मदरबोर्डच्या पोर्टात. नवीन माणूस नेमका तिथेच अडकतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ही चिप करते काय

एक सोसायटी डोळ्यासमोर आणा, गेट एकच, आत फ्लॅट पाच. कॉम्प्युटरकडून येणारा प्रत्येक निरोप त्याच गेटमधून आत जातो आणि त्यावर फ्लॅट नंबर टाकलेला असतो. साटामध्ये या नंबरासाठी ४ बिट ठेवलेत, म्हणजे ० ते १५ असे सोळा नंबर होतात. त्यातला १५ नंबर वॉचमनच्या केबिनचा, म्हणजे खुद्द मल्टिप्लायरचा, उरले पंधरा, म्हणून नियमाप्रमाणे एका पोर्टमागे जास्तीत जास्त १५ डिस्क लागू शकतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चिप मात्र एकाला पाच अशाच असतात. आता मुख्य मुद्दा हा की निरोपावर फ्लॅट नंबर टाकायचं काम गेटवरच्या वॉचमनचं नाही, ते पाठवणाऱ्याचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या साटा कंट्रोलरचं (साटा पोर्ट चालवणाऱ्या चिपचं). त्याला ही पद्धतच माहीत नसेल तर तो नंबर टाकतच नाही, मग सगळे निरोप शून्य नंबरच्या फ्लॅटला जातात आणि पहिली एकच डिस्क दिसते. माझं अगदी हेच झालं होतं.

अजून एक गोष्ट इथेच समजून घ्या कारण पुढे खरेदीत लागते. कंट्रोलरची काम करायची पद्धत दोन प्रकारची असते. जुन्या पद्धतीत एका डिस्कला काम दिलं की ते पुरं होईपर्यंत बाकीच्या चार थांबतात, याला कमांड बेस्ड स्विचिंग म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत पाचही डिस्कना एकदम कामं देता येतात आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते आधी घेतलं जातं, हे एफआयएस बेस्ड स्विचिंग, थोडक्यात एफबीएस. एकच डिस्क वापरताना दोन्हीत फरक जाणवत नाही, पण दोन-तीन डिस्क एकदम वापरात आल्या की पहिल्या पद्धतीत कॉम्प्युटर अक्षरशः रांगतो.

आधी पोर्ट तपासा, मग पैसे खर्च करा

एक पैसा खर्च करायच्या आधी करायचं काम हे आहे. इंटेल चिपसेटचे मदरबोर्डवरचे जे साटा पोर्ट असतात ते सर्वसाधारणपणे मल्टिप्लायर ओळखत नाहीत, आणि आपल्याकडच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये बरेचदा तेच पोर्ट असतात. तुमच्या बोर्डाचं काय ते दहा मिनिटांत कळतं. उबंटूसारखं कुठलंही लिनक्स पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यावरून कॉम्प्युटर चालू करायचा, इन्स्टॉल काही करायचं नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना ते बघून घ्या. मग टर्मिनल उघडून डीमेसेज कमांड सुडोसकट (sudo dmesg) चालवायची आणि येणाऱ्या मजकुरात एएचसीआय (ahci) शोधायचं. तिथे फ्लॅग्ज शब्दाने सुरू होणारी एक ओळ दिसते, तिच्यात बारीक अक्षरांत बरेच तुकडे असतात. त्यात पी-एम-पी ही तीन अक्षरं सलग दिसली तर पोर्टला मल्टिप्लायर कळतो, आणि सोबत एफ-बी-एस दिसलं तर तो चांगल्या पद्धतीने कळतो. इथे डोळे नीट उघडे ठेवा, त्याच ओळीत नुसतं पी-एम असंही असतं, त्याचा संबंध वीज वाचवण्याशी आहे, मल्टिप्लायरशी नाही. घाईत बघणारा माणूस पी-एम बघून खूश होतो आणि बोर्ड मागवून बसतो. मदरबोर्डवर दोन वेगळे कंट्रोलर असतील तर अशा दोन ओळी येतील, मग कुठली ओळ कुठल्या पोर्टांची ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून ठरवा.

पी-एम-पी नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, एक छोटं पीसीआय एक्सप्रेसचं (मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारं) साटा कार्ड घ्यायचं आणि मल्टिप्लायर त्याला लावायचा. कार्ड घेताना त्यावरच्या चिपचं नाव विचारा, कार्डाच्या खोक्यावरच्या नावाला काही अर्थ नसतो. एएसमीडियाच्या एएसएम १०६१ आणि १०६२, मार्व्हेलची ८८एसई९२१५, जेमायक्रॉनची जेएमबी ५८५ या चिप मल्टिप्लायर ओळखतात.

आणि इथे एक घोळ फार जणांचा होतो. जेएमबी ५७५ आणि जेएमबी ५८५, एका आकड्याचा फरक, वस्तू पूर्ण वेगळ्या. ५७५ हा मल्टिप्लायर आहे, एक साटा आत, पाच साटा बाहेर. ५८५ मल्टिप्लायर नाहीच, तो कंट्रोलर आहे, पीसीआय एक्सप्रेसमध्ये बसतो आणि स्वतःचे पाच स्वतंत्र साटा पोर्ट देतो. मनापासून सांगतो, तुमच्याकडे पीसीआय एक्सप्रेसचा चांगला स्लॉट मोकळा असेल आणि पाचसहाच डिस्क लावायच्या असतील, तर मल्टिप्लायरच्या फंदात न पडता सरळ ५८५चं किंवा सहा पोर्टवालं एएसएम ११६६चं कार्ड लावा. कमी वायरी, कमी कटकट, वेग जास्त. मल्टिप्लायर कामाचा कधी, तर स्लॉट उरलेला नाही, किंवा डिस्क वेगळ्या डब्यात ठेवायच्यात आणि मधे एकच वायर न्यायची आहे, किंवा तुमच्या छोट्या बोर्डाला साटा पोर्टच एक आहे. माझ्या बोर्डावर मोठ्या स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि उरलेला एक लहानसा एक लेनचा (डेटाला एकच मार्ग असलेला) स्लॉट, म्हणून त्यात दोन पोर्टचं कार्ड आणि त्याच्या एका पोर्टवर मल्टिप्लायर अशी मांडणी केली. बाजारात सोळा, वीस पोर्टची स्वस्त कार्डं दिसतात तीही बहुतेक वेळा आतून अशीच असतात, एक छोटा कंट्रोलर आणि त्यापुढे मल्टिप्लायरच्या चिपांची रांग, फोटो मोठा करून चिपा मोजल्या की लगेच कळतं.

ही काही जुगाडू कल्पना आहे असं समजू नका बरं का. बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप देणाऱ्या कंपनीने २००९ साली त्यांच्या स्टोरेज पॉडचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यात एका पेटीत ४५ डिस्क होत्या आणि त्या पाच-पाचच्या नऊ मल्टिप्लायर बोर्डांवर बसवलेल्या होत्या. त्यांच्याकडे लक्ष ठेवायला माणसं होती आणि एका पेटीवर सगळं अवलंबून नव्हतं हेही खरं.

वेगाचा हिशोब

साटा ३ चा वेग ६ गिगाबिट लिहिलेला असतो, त्यातला पाचवा हिस्सा एन्कोडिंगमध्ये (डेटासोबत पाठवाव्या लागणाऱ्या जादा बिटांमध्ये) जातो म्हणून हातात जास्तीत जास्त ६०० एमबी प्रति सेकंद. हे ६०० पाचही डिस्कनी वाटून घ्यायचे. आणि मधे माझ्यासारखं पीसीआय एक्सप्रेस २.० चं एक लेनचं कार्ड असेल तर तिथेच ५०० ची मर्यादा, त्यातले प्रत्यक्षात ४०० च्या आसपास धरा. म्हणजे पाचही डिस्क एकदम पळवल्या तर प्रत्येकीला ८० एमबी. एकेकटी वापरली तर डिस्क आपल्या पूर्ण वेगाने चालते, कारण साध्या फिरणाऱ्या हार्डडिस्कचा वेग साधारण १५० ते २५० च्या आसपासच असतो. मामांच्या कॅसेटचा व्हिडिओ सेकंदाला ४ एमबीसुद्धा मागत नाही, त्यामुळे बघायला, एडिट करायला काही म्हणजे काही अडत नाही. अडतं कुठे, तर पाचही डिस्क अथपासून इतिपर्यंत तपासायच्या म्हटल्या की. ८० च्या वेगाने ४ टीबी वाचायला जवळजवळ चौदा तास लागतात, तेव्हा ते रात्रीवर टाकायचं. एका डिस्कवरून शेजारच्या डिस्कवर कॉपी करतानाही जाणं आणि येणं दोन्ही त्याच एका वायरीतून होतं, तेही मंद वाटेल. एसएसडी मल्टिप्लायरवर लावू नका, एक एसएसडीच सगळा रस्ता अडवून बसते.

पॉवर, इथे कंजुषी नको

डेटाची चूक झाली तर डिस्क दिसत नाही एवढंच होतं, पॉवरची चूक झाली तर वायर जळते. म्हणून हा भाग शांतपणे वाचा.

साडेतीन इंची डिस्क चालू होताना पहिले काही सेकंद १२ व्होल्टवर २ अँपियरपर्यंत करंट ओढते, नंतर खाली येते. पाच डिस्क एकदम चालू झाल्या की १० अँपियर, म्हणजे १२० वॅट, आणि हे कॉम्प्युटरच्या बाकी सगळ्या खर्चाच्या वर. तुमच्या एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलेत ते बघा, वर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटवर जाऊ नका. दुसरं, साटा पॉवरच्या प्लगमध्ये १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात, एकेक पिन दीड अँपियरची, म्हणजे अख्ख्या प्लगची ताकद साडेचार अँपियर. मग एका साटा प्लगातून पाच फाटे काढणारी जी स्प्लिटर वायर मिळते तिच्यावर पाच डिस्क लावल्या तर काय होईल ते तुम्हीच बघा. एका साटा प्लगवर फार तर दोन डिस्क, आणि पाच डिस्क एसएमपीएसमधून निघणाऱ्या वेगवेगळ्या वायरींवर वाटून. मल्टिप्लायर बोर्डाला स्वतःची पॉवर वेगळी लागते, तिचा प्लग विसरू नका, तो नसला तर बोर्ड मेलेलाच दिसतो.

वायरी मी तपकीर गल्लीतून आणल्या, पसोड्या विठोबाच्या बाजूने आत शिरलं की अशी दुकानं लागतात. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) साटा करणारी वायर घेताना प्लगची मागची बाजू निरखून बघा. एका प्रकारात वायरी थेट काळ्या प्लास्टिकच्या गोळ्यात घुसून दिसेनाशा होतात, आत काय आहे काही कळत नाही, हा ओतीव प्रकार. त्यात आतल्या वायरी एकमेकींच्या जवळ सरकून शॉर्ट झाल्याच्या आणि प्लग वितळल्याच्या घटना झालेल्या आहेत. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वायर आपापल्या खाचेत दाबून बसवलेली असते आणि मागे एक टोपी असते, ती नखाने उघडली की पिवळी, काळी, लाल अशा वायरी सुट्या सुट्या दिसतात. हाच घ्या. दुकानदार घाई करत असला तरी प्लग हातात घेऊन फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, काळ्या ग्राउंडच्या, आणि नारिंगी असेल तर ती ३.३ ची.

आणि आपल्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी जाणारी लाइट. घरात इन्व्हर्टर असला तरी त्याला बदलायला लागणाऱ्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडू शकतो, मग पाचही डिस्क चालू काम सोडून थांबतात आणि लाइट आली की पाचही एकदम जोर लावतात. कॉम्प्युटरसाठी वेगळा यूपीएस ठेवा, बंद करायला पाच मिनिटं मिळाली तरी पुरे.

जोडणी

सगळं बंद करून प्लग भिंतीतून काढा. मल्टिप्लायर बोर्डाच्या पाठीमागे सोल्डरची टोकं उघडी असतात, ती कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू द्यायची नाहीत, बोर्डाला भोकं असतील तर प्लास्टिकचे स्टँड लावा. चिप तापते, तिच्यावर हीटसिंक हवाच आणि पंख्याची थोडी हवा लागली पाहिजे, एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद कॅबिनेटात काय होत असेल बघा. कार्डापासून बोर्डापर्यंतची वायर अर्ध्या मीटरची घ्या, नियम एक मीटरपर्यंत चालतं म्हणतो पण जितकी आखूड तितकी बरी, आणि टोकाला पत्र्याची चाप असलेली घ्या म्हणजे धक्क्याने निघत नाही.

पाचही डिस्क एकदम लावू नका. आधी पहिल्या पोर्टवर एक डिस्क, कॉम्प्युटर चालू, दिसली का बघा. मग बंद करून दुसरी. पाच वेळा चालू-बंद करायचा कंटाळा येतो, पण तिसरी लावल्यावर बिघडलं तर तिसऱ्याच वायरीत किंवा डिस्कमध्ये दोष आहे हे लगेच कळतं, सगळ्या एकदम लावल्या तर शोधत बसावं लागतं. ऑपरेटिंग सिस्टमची डिस्क मात्र मदरबोर्डच्याच पोर्टवर राहू द्या, मल्टिप्लायरमागची डिस्क बायोसला बहुतेक वेळा दिसत नाही आणि मग तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नाही.

लिनक्समध्ये परत डीमेसेज बघा. पोर्ट मल्टिप्लायर असे शब्द असलेली ओळ येते, तिच्या सुरुवातीला एटीए, मग पोर्टचा नंबर आणि मग टिंब देऊन १५ असं असतं. हाच तो वॉचमनच्या केबिनचा नंबर. ही ओळ दिसली की निम्मं काम झालं. पुढे त्याच पोर्टचे टिंब ००, ०१, ०२ असे एकेक फ्लॅट उघडताना दिसतात. मला पहिल्यांदा ०४ पर्यंतच्या पाचही ओळी दिसल्या तेव्हा मी मामेभावाला लगेच फोटो पाठवला होता. लिंक अप शब्दांपुढे ६.० आहे का तेही बघा, ३.० किंवा १.५ वर घसरली असेल तर बहुतेक वेळा वायर खराब असते, किंवा तुमची डिस्क किंवा बोर्डच जुना, कमी वेगाचा असतो.

डिस्क कायमच्या जोडताना लिनक्सने दिलेल्या एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबू नका, पुढच्या वेळी त्यांची अदलाबदल होऊ शकते, यूयूआयडी (प्रत्येक फाइलसिस्टमचा न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा. कुठल्या डिस्क जोडायच्या ते लिहिलेल्या एफस्टॅब (/etc/fstab) फाइलमध्ये नोफेल (nofail) हा शब्द घाला, नाहीतर एखाद्या दिवशी एक डिस्क नाही आली म्हणून अख्खा कॉम्प्युटर चालू होताना अडून बसेल.

अडलं तर

फक्त पहिली डिस्क दिसते, तर पोर्टला मल्टिप्लायर कळत नाही, वर लिहिलंय तसं तपासा. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क फिरतच नाही, तर तिच्या साटा पॉवरची तिसरी पिन बघा. काही नवीन डिस्कमध्ये त्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. मोलेक्सवरून येणाऱ्या वायरीत ३.३ व्होल्ट नसतातच, त्यामुळे तीच वायर लावली की डिस्क चालू होते. एका मल्टिप्लायरच्या पुढे दुसरा मल्टिप्लायर लावून दहा डिस्क करता येतील का, तर नाही, नियमातच ते बसत नाही.

सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे एक डिस्क आजारी पडते आणि पाचही अडकतात. काय होतं की आजारी डिस्क उत्तर देत नाही, कंट्रोलर वाट बघून लिंक रीसेट करतो, आणि लिंक एकच असल्यामुळे शेजारच्या चार चांगल्या डिस्कचं कामही थांबतं. डीमेसेजमध्ये हार्ड रीसेटिंग लिंक अशा ओळी परत परत यायला लागतात. अशा वेळी एकेक डिस्क काढून बघणं आणि स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडने प्रत्येकीची तब्येत बघणं हाच मार्ग.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की घरी मल्टिप्लायरवर रेड ५ किंवा झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र बांधून एकच साठा करायच्या पद्धती) लावू नये. रेड ५ एक डिस्क गेली तर सांभाळून घेतं, इथे बोर्ड किंवा ती एक वायर गेली की पाचही डिस्क एका क्षणात गायब. मी पाच डिस्क पाच वेगळ्या ठेवल्यात, प्रत्येकीवर स्वतःची फाइलसिस्टम. एखादी काढून दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावली तरी ती जशीच्या तशी उघडते. चार डिस्कवर माल आणि पाचवीवर पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर तिचा माल परत काढता येईल असा हिशोब) असं स्नॅपरेड नावाच्या सॉफ्टवेअरने करता येतं, रोज न बदलणाऱ्या व्हिडिओंसाठी ते बरं पडतं. दुसरी प्रत मात्र वेगळ्या घरात हवी, आमची मामेभावाकडे आहे.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे पण तेच लोक टाळतात. लिनक्स तुम्हाला सांगेल की अमुक सीरियल नंबरची डिस्क बिघडलीये, आणि कॅबिनेट उघडल्यावर समोर पाच सारख्या दिसणाऱ्या डिस्क असतील, ज्यांचं लेबल आतल्या बाजूला. म्हणून बसवायच्या आधीच प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं पांढऱ्या पट्टीवर लिहून चिकटवा, आणि साटा वायरीच्या दोन्ही टोकांना ० ते ४ असे पोर्टचे आकडे. बॉलपेन पुसट होतं, परमनंट मार्करनेच लिहा.